बारीकरावांची अळंबी

बारीकराव अंगाने चांगलेच ऐसपैस होते. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की ते पहिला प्रश्न विचारायचे, "बारीक करायचे?" आणि समोरचा काहीही म्हणाला तरी बारीकच करायचे. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर नुसतं 'सलून' आणि खाली कात्रीचं चित्र. आत दोन खुर्च्या, त्यातल्या एकीची पाठ मागे टाकली की वर यायला नकार द्यायची. भिंतभर आरसा, कोपऱ्यात टॉवेल वाळत घातलेले आणि सगळ्यावर पावडरीचा आणि साबणाचा मिळून एक जुना वास.

माणूस हौशी होता, आणि हौशी माणसाच्या बायकोचे जे हाल होतात ते त्यांच्या बायकोचे झाले होते. आधी माउथऑर्गन आला. तो शेजाऱ्यांनी हात जोडल्यावर गेला. मग फिशटँक आला. त्यातले मासे एकेक करून देवाघरी गेल्यावर बायकोने तो धुऊन त्यात कांदे-बटाटे भरले. मध्ये एकदा किल्लीशिवाय कुलूप उघडायची विद्या शिकायचं डोक्यात आलं होतं. स्वतःच्याच दाराचं कुलूप बिघडवून, दोघं जिन्यात संध्याकाळभर बसल्यावर ती विद्याही संपली. त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "बघू, किती दिवस चालतंय हे चालणं."

पायांच्या शिरा फुगल्या होत्या. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना होतं तसं. "मी खुर्चीभोवती चालतोच की," असं त्यांनी डॉक्टरांना सांगून पाहिलं. डॉक्टरांना विनोदाचं वावडं असावं. मग बारीकराव सकाळी दुकान उघडायच्या आधी पाण्याच्या टाकीमागच्या जंगलात जायला लागले. जंगल म्हणजे फार मोठं नव्हे. टेकडीच्या उतारावरची जुनी, उंच झाडं आणि त्यांच्याखाली पाचोळ्याची गादी.

तिथे एका सकाळी त्यांना एक वयस्कर बाई हातापायांवर रांगताना दिसल्या.

"बाई, काही हरवलंय का? कानातलं वगैरे?"

"हरवलं नाही, सापडलंय," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तुमचा पाय आहे तिथेच ठेवा. पुढे टाकलात तर माझ्यासारखं वाईट कोणी नाही."

त्यांच्या भिंगाखाली नखाएवढी नारिंगी छत्री होती. या बाई एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्मभर काम करून निवृत्त झाल्या होत्या, आणि आता सुट्टीच्या दिवशी चार रिकामटेकड्यांना घेऊन अळंब्या बघत हिंडायच्या. त्या दिवसापासून चाराचे पाच झाले.

अळंब्यांनी बारीकरावांना अगदी वेड लावलं. केस काय, कापले की झालं. उद्या परत तेच. इथे प्रत्येकीचा रंग वेगळा, छत्रीखालच्या चुण्या वेगळ्या, दांड्यावरची झालर वेगळी. आणि वास! बारीकरावांचं आयुष्य लोशनच्या बाटल्या हुंगण्यात गेलेलं, त्यामुळे नाक तयार होतं. हिला ओल्या पिठाचा वास, हिला मुळ्याचा, ती तिकडची तुंबलेल्या मोरीची सख्खी बहीण. बाई खूश व्हायच्या. "नाक बरं आहे तुमचं," म्हणायच्या. त्यांच्याकडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ झालं.

पण त्यांची शिस्त कडक. अळंबी कापायची नाही, बोथट चमच्याने मुळापासून उकरून काढायची. जमिनीत काय दडलंय ते बघितल्याशिवाय तिचं नाव घ्यायचं नाही. मग घरी आणून छत्री कागदावर पालथी ठेवायची, वर पेला झाकायचा, आणि काही तासांनी खाली जी भुकटी पडते तिचा रंग बघायचा. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा. म्हणजे कुठल्याही रंगाचा ठसा लपत नाही. हे सगळं जुळलं तरच पातेलं चढवायचं.

बारीकराव हे सगळं गिऱ्हाइकांना ऐकवायचे. गळ्यापाशी वस्तरा असताना कोण कशाला वाद घालतो! अर्ध्या गावाला अळंब्यांच्या चुण्यांची माहिती झाली ती अशी.

घरी मात्र बायको ऐकवायची. "आता तेवढं विष खायचं राहिलं होतं. मासे मेले, आता आपला नंबर." ती एका कापडाच्या गोदामात सकाळच्या पाळीला होती, गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या कामाला, आणि दुपारी घरी यायची. बारीकरावांचा डबा दुकानात, त्यामुळे दोघांचं एकत्र जेवण रात्रीच. ठसे जुळले की बारीकराव सकाळी पिशवी ओट्यावर ठेवून जायचे आणि रात्री कांद्यावर परतलेल्या अळंब्या ताटात यायच्या, सोबत एक टोमणा. टोमणा खाऊन ते अळंब्या खायचे. चव फार छान असायची.

खरं कौतुक व्हायचं ते शेजारच्या दुकानात. तिथे घड्याळवाला बसायचा, डोळ्याला भिंग लावून, बारीकरावांचा बालमित्र. त्याला वाटा गेल्याशिवाय यांना चैन पडायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो हमखास म्हणायचा, "काय चव होती रे! बोटं चाटत बसलो." बारीकराव त्यावर दिवसभर हवेत असायचे.

असे दोन पावसाळे गेले. फिशटँकचा विक्रम कधीच मोडला होता.

मग ती सकाळ आली. रात्रभर पाऊस पडून गेला होता. बाई बहिणीकडे गेल्या होत्या, बारीकराव एकटेच होते. टेकडीच्या वळणापलीकडे गेले तर झाडांखाली पांढऱ्याच पांढऱ्या अळंब्या, जिकडे बघावं तिकडे. त्यांनी एक उकरली आणि हुंगली. बडीशेपेचा वास! छत्री दाबली तर पिवळसर डाग पडला. चुण्या फिक्या गुलाबी करड्या, म्हणजे पुढे तपकिरी होणाऱ्या. बाईंनी हिची ओळख करून दिली होती, खाण्यात हिच्यासारखी दुसरी नाही असंही सांगितलं होतं. आणि हिच्या शेजारीच हिची वैरीण उगवते, हेही सांगितलं होतं. ती वैरीणही पांढरी, तिलाही झालर; पण तिच्या चुण्या शेवटपर्यंत पांढऱ्या, आणि तिचा पाय जमिनीतल्या एका पिशवीत रोवलेला असतो. ती पोटात गेली तर माणूस वाचणं कठीण.

पहिल्या काही बारीकरावांनी नियमाने उकरल्या. पाय बघितले, पिशवी नव्हती. सगळं जुळलं. आणि मग आनंद डोक्यात गेला. दुकान उघडायची वेळ होत आली होती, चमच्याने उकरत बसलो तर दिवस जाईल, शिवाय मातीने सगळी टोपली बरबटत होती. खिशात धंद्याची कात्री होतीच. ते वाकले आणि जमिनीलगत कच्चकन एक कापली. काय सुरेख कापली गेली! मग दुसरी, मग तिसरी. मानेवरचे केस एका रेषेत आणणारा हात तो. थांबतो कशाला? टोपली भरल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं, तर सगळा उतार कसा एकसारखा झाला होता. त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ठशाची वाट न बघता त्यांनी जाता जाता टोपलीचे दोन वाटे केले. मूठ इकडे, मूठ तिकडे. एक पिशवी घरी ओट्यावर, एक घड्याळवाल्याला. दोन छत्र्या मात्र दुकानात ठेवल्या, अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर, दोन पेल्यांखाली. शंका होती म्हणून नव्हे, बाई परत आल्या की ठसा दाखवायचा म्हणून.

दुपारची गर्दी ओसरली. एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून, एक गाल करून झाल्यावर बारीकरावांना राहवलं नाही. त्यांनी जाऊन पहिला पेला उचलला. छत्रीखाली गडद तपकिरी ठसा, नक्षी काढल्यासारखा. "हे बघा!" ते गिऱ्हाइकाला म्हणाले. मग दुसरा पेला उचलला.

काळ्या अर्ध्या भागावर पांढरा ठसा होता.

मानेला लावायची पावडर सांडली असेल, असं त्यांना आधी वाटलं. सलूनमध्ये ती सगळीकडेच असते. त्यांनी बोटावर थोडी घेऊन हुंगली. पावडरीला वास असतो. हिला नव्हता. मग त्यांनी ती छत्री उलटी करून उजेडात धरली. चुण्या पांढऱ्या. स्वच्छ पांढऱ्या. आणि दांडा खाली इतका सफाईदार कापलेला, की त्याच्या पायाशी काय होतं ते सांगायला काहीच उरलं नव्हतं.

बारीकरावांनी छत्री खाली टाकली. घरी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. गिऱ्हाईक आरशातून विचारत होतं, "काय झालं हो?" त्याच्या दुसऱ्या गालावर साबण वाळायला लागला होता. त्याला तसाच टाकून बारीकराव शेजारच्या दुकानात धावले.

"खाल्लीस का? सकाळची पिशवी! खाल्लीस का?"

घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "खाल्ली की. मस्त..."

"खरं सांग! त्यात विषारी आहे. मरशील!"

घड्याळवाल्याने टेबलाखालचा कचऱ्याचा डबा पायाने पुढे ओढला. पिशवी त्यात होती, बांधलेली तशीच.

"नाही खाल्ली," तो म्हणाला. "कधीच नाही खाल्ली रे. एकदाही नाही. तू एवढ्या प्रेमाने आणायचास, तोंडावर नाही कसं म्हणू? पण जंगलातलं काहीतरी उपटून आणलेलं... मला लेकरंबाळं आहेत."

बारीकरावांना हायसं वाटलं आणि त्याच क्षणी काळजात काहीतरी तुटलं. दोन पावसाळे! पण रागावायला वेळ कुठे होता? "स्कूटर काढ," ते म्हणाले, "घरी कोणी फोन उचलत नाहीये." घड्याळवाल्याने दुकान उघडं टाकलं आणि स्कूटर काढली. पिशवीही बरोबर घेतली. मित्र म्हणून तो वाईट नव्हता.

बायको मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. पाण्याचा नळ सोडलेला, म्हणून फोन ऐकू गेला नव्हता. यांना बघून म्हणाली, "आज इतक्या लवकर? गिऱ्हाईक पळून गेलं की काय?"

"ती भाजी... पिशवीतली..."

"झाकून ठेवलीय. रात्री गरम करून देते."

बारीकरावांना रडूच फुटणार होतं. वाचलो! त्यांनी झाकण उचललं. कढई अर्धी रिकामी होती.

"तू खाल्लीस?"

"खाल्ली की. दुपारीच. चांगली झालीय."

ते होते तिथे फरशीवर बसले. पुढचं सगळं बायकोला घड्याळवाल्यानेच सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं, नळ बंद केला, उरलेले कपडे बादलीतच ठेवून पदराला हात पुसले. "कढई घेऊ का बरोबर?" तिने विचारलं. "डॉक्टर विचारतील." दोघा पुरुषांना हे सुचलं नव्हतं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती आणि घाबरली नव्हती, याचाच मोठा आधार वाटला. तिने काळं औषध पाजलं, सलाईन लावलं, रक्त काढलं.

"पण मला काहीच होत नाहीये," बायको म्हणाली.

"या विषाचं तेच वाईट आहे," डॉक्टर म्हणाली. "आधी काहीच होत नाही. मग होतं तेव्हा उशीर झालेला असतो. काही दिवस इथेच राहायचं."

फोन गेल्यावर बाई बहिणीकडून तशाच निघून आल्या. कॉलेजमधून सूक्ष्मदर्शक मागून आणलं आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसल्या. घड्याळवाल्याची पिशवी उलटी केली, तर तिच्यात पांढऱ्या चुण्यांच्या कितीतरी निघाल्या. त्याने एकदा जरी मित्राचं मन राखलं असतं, तर आज त्याच्या घरची रडारड सुरू झाली असती. घड्याळवाल्याने पाणी मागितलं. मग बाईंनी कढईतला तुकडा न् तुकडा काचेखाली घातला. बराच वेळ गेला. "यात मला भुकटीचे कण सगळे तपकिरीच दिसतायत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तिने खाल्लेल्यात काय होतं, ते मी नाही सांगू शकत. ते रक्तच सांगेल."

मूठ इकडे, मूठ तिकडे. बारीकरावांना आपले दोन्ही हात नकोसे झाले.

रोज रक्त जायचं आणि रोज ते वाट बघत बसायचे. सलून बंद. खाटेशेजारच्या स्टुलावर त्यांचं अंग मावत नव्हतं, तरी हलत नव्हते. एकदा बायको जागी असताना त्यांनी विचारलं, "तू दुपारीच का खाल्लीस? आपण रात्री खातो ना दोघं?"

"तुम्ही रात्री खाता. मी दुपारी खाते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." तिने कूस बदलली, सुईचा हात सांभाळून. "दोघांनी एकदम खाल्लं आणि काही झालं, तर दवाखान्यात कोण नेणार? म्हणून मी आधी खाऊन बघायची. रात्रीपर्यंत धड असले की तुम्हाला वाढायची."

बारीकराव कसंबसं म्हणाले, "मग मला खायला घालायचंस आधी. मी आणायचो ना."

"तुम्हाला घालून काय कळणार? पोटात कळ आली तरी तुम्ही म्हणाल, छान झालीय. आणि मी आडवी झाले असते तर तुम्ही निदान धावपळ तरी केली असती. तुम्ही आडवे झाला असतात तर एवढं धूड मी एकटी कसं उचलणार होते?"

"एवढा विश्वास नव्हता तर फेकून द्यायचीस. घड्याळवाल्याने फेकलीच की."

"विश्वास नव्हता असं कोण म्हणालं? विश्वास होता म्हणून खाल्ली. भीती वाटायची म्हणून आधी खाल्ली." ती जरा चिडूनच बोलली. "फेकायची कशी? पहाटे उठून, चिखलात रांगून आणायचात."

तेव्हा मात्र बारीकराव रडले. चांगले हुंदके देऊन, भलंमोठं अंग गदगदा हलवत रडले. बायको म्हणाली, "हळू. त्या पलीकडच्या आजी झोपल्यात."

रक्त चांगलं निघालं. एकदा, मग परत एकदा, आणि डॉक्टरने हसून घरी जायला सांगितलं.

पुढच्या सुट्टीला बाईंनी त्यांना त्याच उतारावर नेलं. ते जायला तयार नव्हते. बाईंनी चमचा हातात दिला आणि कापलेल्या बुडख्यांकडे बोट दाखवलं. बारीकराव गुडघ्यावर बसले, एक उकरलं. साधा पाय. दुसरं, साधं. पुढचं उकरलं, तर मातीत बुडालेली पांढरी पिशवी वर आली, फाटक्या मोज्यासारखी. कात्री बरोबर तिच्या काठावरून गेली होती.

"केशकर्तनाचा धंदा," बाई म्हणाल्या. "नुसतं डोकं बघायची सवय." मग असं बोलल्याचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी बारीकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुम्हाला एकटं सोडायला नको होतं."

घरी येऊन बारीकरावांनी जाहीर केलं, अळंब्या बंद. टोपली माळ्यावर.

"का?" बायको म्हणाली. "माउथऑर्गन सोडलात, मी काही बोलले नाही. मासे मारलेत, बोलले नाही. यापायी मी हाताची चाळण करून घेतली. आता सोडूनच दाखवा."

पाऊस संपत आला होता. बारीकराव परत जायला लागले, बाईंच्या मागोमाग, कात्री घरी ठेवून. कितीतरी सकाळी हात हलवतच परत आले. मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांना त्याच पांढऱ्या मिळाल्या, बडीशेपेच्या वासाच्या, मोजक्याच. एकेक पायासकट उकरली. बाईंनी एकेक फिरवून बघितली आणि मान हलवली. घरी त्यांनी प्रत्येकीची छत्री कागदावर ठेवली, एकीचीही सुटका नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. ठसे सगळे तपकिरी होते. बायको कामावरून यायच्या आत त्यांनी स्वतः कांदा चिरला, डोळे पुसत पुसत अळंब्या परतल्या, आणि ती आली तेव्हा टेबलावर एकच ताट होतं.

"हे काय?"

"आज मी आधी," बारीकराव म्हणाले. "तू रात्री. मला काही झालं तर फोन जवळ आहे, डॉक्टरचा नंबर भिंतीवर लावलाय."

ती हातपाय धुऊन आली आणि समोर बसली. बारीकरावांनी पहिला घास घेतला. चावला. गिळला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने ताट ओढून दोघांच्या मध्ये घेतलं.

"अगं, थांब! मग दवाखान्यात कोण..."

"कोणी जात नाही कुठे. सरका तिकडे."

तिने घास घेतला, सावकाश खाल्ला, आणि दुसरा घेतला.

"मीठ कमी झालंय," ती म्हणाली.